जुने वाद्य आणि नवा हात

गेल्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आमच्या धर्मग्रामातील दोघे सख्खे भाऊ एक लांबट काळी पेटी घेऊन आमच्याकडे आले. पेटीत त्यांच्या दिवंगत वडिलांची इलेक्ट्रिक गिटार होती. वडील बोटीवर नोकरीला होते. तरुणपणी अमेरिकेतल्या एका बंदरात त्यांनी ती जुनी म्हणून विकत घेतली होती. गिटार होती फेंडर कंपनीची टेलिकास्टर, कॅलिफोर्नियातील फुलर्टन येथे १९६६ साली घडलेली.

धाकटा गायनवृंदात गिटार वाजवतो. तो म्हणाला, ‘‘फादर, डॅडींची गिटार मला वाजवायचीय, पण ती वाजू देत नाही. फ्रेट झिजलेत, सूर नीट लागत नाही. कारागीर सांगतो, थोडे बदल केले तर उत्तम होईल.’’ थोरल्याने लगेच त्याला अडविले. ‘‘फादर, याला समजवा. अशा गिटारीला मूळ अवस्थेतच किंमत असते. आणि किमतीचं सोडा, डॅडींचा हात फिरलाय तिच्यावर. ती आता तशीच राहू द्या.’’

निवाडा देण्याचा आमचा अधिकार नव्हता. तरीही प्रश्नाने आम्हांला सोडले नाही. जुनी वस्तू वापरायोग्य व्हावी म्हणून तिच्यात बदल करणे ही तिची सेवा की तिचा अपमान? मुळात ती कोणाची? जिने घडविली त्या हाताची, ज्याने जपली त्या बापाची, की जो वाजवू पाहतो त्या मुलाची?

आधी तक्रार समजून घेतली पाहिजे. गिटारीच्या फिंगरबोर्डावर धातूच्या आडव्या पट्ट्या बसविलेल्या असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. वर्षानुवर्षे तारा दाबल्याने त्यांना खाचा पडतात आणि सूर खरखरतो. दुसरे असे की, त्या काळच्या फेंडरचा फिंगरबोर्ड बराच बाकदार असे. सव्वासात इंच त्रिज्येच्या वर्तुळाचा तो कंस. अशा बाकावर हात स्वरमेळ सहज धरतो. परंतु सतारीवर मींड घ्यावी तशी तार बाजूला ओढून सूर चढवू लागले, तर वरच्या पट्टीत तार पुढच्या फ्रेटला टेकते आणि सूर मध्येच मरतो. म्हणूनच आजच्या पुष्कळ गिटारींचा बाक साडेनऊ ते बारा इंच त्रिज्येचा, म्हणजे अधिक सपाट असतो. तिसरी गोष्ट ब्रिजची. सहा तारा तीनच सॅडलवर टेकलेल्या, म्हणजे दोन तारांना मिळून एकच आधार. एक तार सुरात आणावी तर तिची जोडीदारीण किंचित बेसूर होते. पूर्वी तारा जाड असत, तिसरी तारही वेटोळ्याची असे. तेव्हा ही तडजोड चालून जाई. पुढे तारा बारीक झाल्या, वादनाची रीत बदलली. वाद्य होते तेथेच राहिले. वाजविणारा पुढे गेला.

आता घडविणाऱ्याकडे वळू. लिओ फेंडर हा मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. १९३८ साली त्याने फुलर्टनमध्ये आपले दुकान थाटले. त्याला स्वतःला गिटार वाजविता येत नव्हती. तो विचार करी तो दुरुस्ती करणाऱ्याच्या बुद्धीने. १९५० साली बाजारात आलेल्या आणि पुढच्या वर्षी टेलिकास्टर हे नाव मिळालेल्या या गिटारीची मान त्याने सरसाने चिकटवली नाही, चार स्क्रूंनी जोडली. झिजली तर काढावी, दुसरी बसवावी. आपली कृती झिजणार, ती कोणीतरी उघडणार, हे कर्त्याने आधीच मान्य केले होते. ज्या वस्तूच्या रचनेतच दुरुस्तीची परवानगी आहे, तिला हात लावू नये असे म्हणणे ही कर्त्यावरील निष्ठा ठरते काय?

थोर वाद्यांचा इतिहासही हेच सांगतो. स्ट्राडिव्हारीची व्हायोलिने आज जगभर वाजतात, पण जवळजवळ प्रत्येकाची मान एकोणिसाव्या शतकाच्या आगेमागे बदलली गेली आहे. मैफलीची दालने मोठी झाली, तारांचा ताण वाढला, तेव्हा कारागिरांनी लांब मान बसविली आणि जुने नक्षीदार टोक तिच्यावर कलम करून ठेवले. ही शस्त्रक्रिया झाली नसती तर ती व्हायोलिने आजच्या वाद्यवृंदात बसलीच नसती. आपल्या मिरजेच्या सतारमेकरांना यात काही नवल वाटणार नाही. सतारीची जव्हारी वाजवून वाजवून झिजते; ती पुन्हा घासून लावावीच लागते. याउलट ‘मसाया’ या नावाने ओळखले जाणारे १७१६ सालचे स्ट्राडिव्हारीचे व्हायोलिन ऑक्सफर्डच्या अ‍ॅश्मोलियन संग्रहालयात काचेआड आहे. ते नव्यासारखे दिसते, कारण ते फारसे वाजलेलेच नाही. अॅरिस्टॉटलच्या तत्त्वज्ञानात वस्तूच्या अंतिम कारणाचा, म्हणजे ती ज्यासाठी आहे त्या हेतूचा विचार आहे. वाद्याचा हेतू वाजणे. जमिनीत पुरून ठेवलेल्या त्या रुपयांचा दाखला आम्हा ख्रिस्ती वाचकांना वेगळा सांगायला नको.

मग धाकटा बरोबर? इतके सोपे नाही. १९७० च्या दशकात अनेक हौशी वादकांनी आपल्या गिटारींची लाकडे कोरून मोठे पिकअप बसविले, मूळ रंग खरवडून नवा दिला. तेव्हा ती जुनी लाकडेच होती. कोणाला खंत वाटली नाही. आज त्या खाचा बुजविता येत नाहीत. त्यांचा हेतू वाईट नव्हता. आपली आजची गरज हीच वस्तूची कायमची गरज, एवढेच त्यांनी गृहीत धरले.

हे आम्ही वरच्या पायरीवरून बोलत नाही. तरुणपणी एका धर्मग्रामात असताना चर्चमधील जुने लाकडी व्यासपीठ मळकट दिसते म्हणून आम्हीच सुताराकडून ते घासून घेतले आणि त्यावर चकचकीत ऑइलपेंट चढविला. त्या मळाखाली जुना सोनेरी मुलामा होता, हे पॉलिश पेपरवर सोनेरी भुकटी दिसली तेव्हा कळले. लोकांनी नव्या रंगाचे कौतुक केले. आम्ही गप्प राहिलो.

जॉन रस्किन याने १८४९ सालच्या ‘द सेव्हन लॅम्प्स ऑफ आर्किटेक्चर’ या ग्रंथात जीर्णोद्धार म्हणजे एक असत्यच, असा कठोर निकाल दिला. तो आम्हांला मान्य नाही. पण जुन्या इमारती आपल्या मालकीच्या नाहीत, त्या बांधणाऱ्यांच्या आणि पुढे येणाऱ्या पिढ्यांच्याही आहेत, हा त्याचा विचार आम्ही शिरोधार्य मानतो. आपण मधले विश्वस्त. विश्वस्ताने वस्तू वापरावी, परंतु पुढच्याचा हक्क मोडू नये. यातून आम्हांला एक कसोटी सापडली: केलेला बदल परतविता येतो काय? आणि येत नसेल, तर तो गरजेपोटी आहे की हौसेपोटी?

या कसोटीवर आम्ही कारागिराची यादी पुन्हा वाचली. सॅडल बदलणे: परतविता येते, जुने सॅडल जपून ठेवावे. झिजलेले फ्रेट बदलणे: परतविता येत नाही, पण त्यावाचून वाद्य मुकेच. मात्र त्या काळी फेंडरचे फ्रेट बाजूने सरकवून बसवीत. ते सरळ वर उपटले तर लाकडाच्या कपच्या निघतात, म्हणून जाणत्याच हाती द्यावे. फिंगरबोर्ड घासून सपाट करणे: नको. त्यावरची रोझवूडची पट्टी मुळातच पातळ, गेलेले लाकूड परत येत नाही; तार ओढण्याची हौस दुसऱ्या गिटारीवर भागवावी. नवा रंग: मुळीच नको.

किमतीचा मुद्दाही आम्ही टाळला नाही. रंग बदलल्याने अशा गिटारीचे मोल बरेच घसरते, हे थोरल्याचे म्हणणे खरे. पण एरिक क्लॅप्टनची ‘ब्लॅकी’ तीन वेगवेगळ्या स्ट्रॅटोकास्टरचे भाग जोडून बनली होती. तिला मूळ अवस्था अशी नव्हतीच, तरी २००४ साली लिलावात तिला ९,५९,५०० डॉलर आले. ते मोल लाकडाचे नव्हते. वर्षानुवर्षे वाजविलेल्या हाताचे होते. आणि हाताचे मोल मानायचे, तर थोरल्याचा दुसरा मुद्दा अधिक खोल होता. पहिल्या तीन फ्रेटवरच्या खाचा त्याच्या डॅडींच्या रोजच्या स्वरमेळांच्या होत्या. त्या जाणार होत्या. हे नुकसान होते आणि कोणत्याही कसोटीने ते भरून निघत नव्हते. आम्ही त्याला तसे स्पष्ट सांगितले.

शेवटी दोघांनी मिळून ठरविले. फ्रेट बदलले, सॅडल बदलले, रंगाला व फिंगरबोर्डाला हात लावला नाही. कोपर टेकून टेकून रंग उडालेली जागा तशीच आहे. जुने सॅडल आणि काय केले याची तारखेसह चिठ्ठी एका पाकिटात घालून पेटीत ठेवली आहे. काढलेले फ्रेट कारागीर टाकून देणार होता. थोरल्याने ते मागून घेतले आणि रुमालात बांधून घरी नेले. ते आल्तारापाशी ठेवले आहेत, असे त्यांच्या आईने आम्हांला सांगितले. धाकटा आता रविवारी डॅडींची गिटार वाजवतो.

वाचकहो, आपल्या घरातही अशी एखादी पेटी असेल. ती जरूर उघडावी. पण हात घालण्यापूर्वी, आपल्यानंतर ती उघडणाऱ्याचा क्षणभर विचार करावा.