शिशाची गोळी

आपल्यापैकी बहुतेकांनी बंदूक हातात धरलेली नाही. त्यामुळे हरणावर गोळी शिशाची झाडावी की तांब्याची, हा इथला वाद ऐकला की "मुळात मारायचेच कशाला?" असे म्हणून आपण मोकळे होतो. मला हे उत्तर अपुरे वाटते.

शिशाची गोळी अंगात शिरताच फुटते. एक्स-रे काढला तर जखमेपासून वीतभर दूरही तिचे कण दिसतात. शिकारी आतडी रानातच टाकतो, ती गिधाडे आणि गरुड खातात, आणि पोटातल्या आम्लात विरघळलेले शिसे रक्तात जाते. १९८२ साली कॅलिफोर्नियाची कॉन्डोर गिधाडे जेमतेम २२ उरली होती. आज काहीशे आहेत, तरी शिसे त्यांना अजून मारतेच आहे.

हरणाचा जीव शिकाऱ्याने जाणूनबुजून घेतला. गिधाडावर तर त्याने नेमच धरला नव्हता. मग हा दोष कोणाचा? आपल्याकडे आजारी गुरांना दिलेल्या डायक्लोफिनॅकने गिधाडे जवळजवळ संपवली. देणाऱ्याला गाय बरी करायची होती. (माणसांच्या गुडघेदुखीवर मीही तेच देतो!) कारण २००४ मध्ये उघड झाले, २००६ मध्ये गुरांसाठी बंदी आली. त्यानंतरही कोणी ते टोचले, तर त्याला अज्ञान म्हणवत नाही.

कॅलिफोर्नियाने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिसे बंद केले. बहुतेक राज्यांत हरणासाठी ते अजून चालते. माझ्या शिकारी रुग्णांना मी एवढेच सांगतो, की तेच कण घरी मुलांच्या ताटातही जातात. ते ऐकून घेतात. "मारू नका" म्हटले असते, तर विषय तिथेच संपला असता.