दैवाचा वाटा

१९५७ साली एमआयटीच्या लिंकन लॅबोरेटरीतले दोन अभियंते, केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन, भांडवल मागायला बॉस्टनच्या 'एआरडी' या संस्थेकडे गेले. त्यांना संगणक बनवायचे होते. पण त्यांना सल्ला मिळाला : प्रस्तावात 'संगणक' हा शब्दच घालू नका, त्या धंद्यात मोठमोठ्यांचे हात पोळलेत. मग कागदावर संगणकाऐवजी 'मॉड्यूल्स' आली. ७० हजार डॉलर मिळाले, बदल्यात एआरडीने ७० टक्के मालकी घेतली आणि मेनार्ड गावातल्या एका जुन्या लोकरगिरणीत 'डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन' सुरू झाली. एआरडीच्या त्या वाट्याची किंमत पुढे ३५ कोटी डॉलरच्या वर गेली.

एआरडी चालवणारे जॉर्ज डोरिओ हार्वर्डमध्ये शिकवत. माणूस ओळखण्यात त्यांचा हातखंडा होता, असं सांगतात. असेलही. पण त्यांनी पैसे घातलेल्या बाकीच्या कंपन्याही त्यांनी त्याच नजरेने निवडल्या होत्या, आणि त्यांतल्या एकीलाही असं फळ धरलं नाही. मग हे फळ नेमकं कुणाच्या कर्माचं?

गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्म सिद्धीला जाण्याची पाच कारणं मोजली आहेत : अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि पाचवं दैव. लगेच पुढे, एकट्या स्वतःलाच कर्ता समजणाऱ्याला दुर्मती म्हटलं आहे. यशस्वी उद्योजकांची बरीच आत्मचरित्रं या ठिकाणी अडचणीत येतात. व्हेंचर कॅपिटलच्या धंद्याने मात्र हे पाचवं कारण मुकाट्याने हिशेबातच धरलंय. वीस-तीस ठिकाणी पैसे घालायचे, बहुतेक बुडणार हे आधीच मान्य करायचं आणि एखाददुसरं सगळ्यांची भरपाई करील म्हणून थांबायचं.

२००८च्या उन्हाळ्यात ब्रायन चेस्कीने आपल्या एअरबीएनबी या घरातली जागा पाहुण्यांना भाड्याने मिळवून देणाऱ्या कंपनीसाठी दीड लाख डॉलर मागितले, तेही अवघ्या १५ लाखांच्या मूल्यांकनावर. सात गुंतवणूकदारांपैकी पाचांनी नकार दिला, दोघांनी उत्तरच दिलं नाही. क्रेडिट कार्डांवरचं कर्ज इतकं फुगलं, की मुलं बेसबॉलची कार्डं लावतात तशा वहीत ती कार्डं लावून ठेवावी लागली. त्या वर्षी अमेरिकेत अध्यक्षीय निवडणूक होती. चेस्की आणि त्याच्या साथीदारांनी ओबामा आणि मकेन या उमेदवारांच्या नावाने न्याहारीच्या सीरिअलचे खोके तयार केले, ४० डॉलरला एक असे विकले आणि सुमारे ३० हजार डॉलर उभे केले. नव्या कंपन्यांना सुरुवातीचं भांडवल देणाऱ्या 'वाय कॉम्बिनेटर'च्या पॉल ग्रॅहमना कंपनीची कल्पना फारशी पटली नव्हती. त्यांना पटले ते हे खोके. २०२०च्या डिसेंबरात कंपनी शेअर बाजारात आली.

ते सातजण चुकले का? अनोळखी माणसाच्या दिवाणखान्यात हवेच्या गादीवर झोपायला कोण पैसे मोजेल, ही शंका त्या दिवशी रास्तच होती. फळ आल्यावर ती शंका मूर्खपणाची ठरली. फळ आलं नसतं तर तिलाच दूरदृष्टी म्हटलं असतं.

या धंद्यात अनासक्तीचे धडे फार ऐकायला मिळतात : अपयशाला घाबरू नका, पडा, उठा, पुन्हा सुरू करा. गुंतवणूकदाराला हे पेलतं, कारण तो एकाच वेळी तीस जन्म जगत असतो. एकोणतीस वाया गेले तरी चालतं. कंपनी काढणाऱ्यापाशी त्या वेळी एकच जन्म असतो, आणि त्या कार्डांच्या वहीवर नाव त्याचं असतं. फळाची आशा सोडण्याचा उपदेश तीस झाडं लावणाऱ्याने एकच झाड लावणाऱ्याला करावा, यात काहीतरी खटकतं.

न्यूयॉर्कच्या 'युनियन स्क्वेअर व्हेंचर्स'चे फ्रेड विल्सन यांनीही एअरबीएनबीला नकार दिला होता. पुढे ती चूक त्यांनी जाहीरपणे कबूल केली आणि त्या सीरिअलचा एक खोका आपल्या बैठकीच्या खोलीत ठेवला. सुरुवातीचे २५ हजार डॉलर कुठून आणायचे, असं कुणी नवखा विचारू लागला, की विल्सन त्या खोक्यापाशी जाऊन ही गोष्ट सांगत. खोका अर्थात एकाच कंपनीचा होता.