महावृक्षांच्या वनात माणसाचा हात

जायंट सिक्वोया हा महावृक्ष निसर्गतः फक्त कॅलिफोर्नियातील सिएरा नेवाडा पर्वताच्या पश्चिम उतारावर वाढतो. त्यातले काही वृक्ष ३,००० वर्षांहून जुने आहेत. निसर्गलेखक जॉन म्यूर यांना ही वने देवालयासारखी पवित्र वाटत. अशा भावनेने कित्येक वृक्ष कुऱ्हाडीपासून वाचले. पण पवित्र मानलेल्या वनाला हात न लावणे एवढ्याने माणसाचे कर्तव्य संपते का?

सिक्वोयाचे शंकुफळ कोंबडीच्या अंड्याएवढे असते. ते वीस वर्षेसुद्धा फांदीवर हिरवे आणि मिटलेले राहू शकते. जमिनीलगत आग फिरली की वर चढणाऱ्या गरम हवेने ते सुकते, उकलते आणि बिया पालापाचोळा जळून मोकळ्या झालेल्या मातीवर पडतात. जुन्या झाडाची साल साठ सेंटिमीटरपर्यंत जाड असल्याने अशी आग त्याला सहसा बाधत नाही. योकट्स, मोनो हे मूलनिवासी समाज या प्रदेशात पिढ्यानपिढ्या मुद्दाम आगी लावत. विसाव्या शतकात मात्र दिसेल ती आग विझवली गेली. तळाशी फरच्या झाडांची दाटी झाली, सुके लाकूड साचत गेले. १९६०च्या दशकात नियंत्रित आगी सुरू झाल्या, पण त्या फार अपुऱ्या होत्या. २०२० आणि २०२१च्या वणव्यांत मोठ्या सिक्वोयांपैकी अंदाजे १३ ते १९ टक्के नष्ट झाले. काही ठिकाणी ज्वाळा शेंड्यांपर्यंत पोचल्या आणि बियाही जळाल्या.

अशा जागी रोपे लावावीत का, यावर तीव्र मतभेद आहेत. अमेरिकेच्या १९६४च्या रानसंरक्षण कायद्याने राखलेल्या रानात माणसाने लागवड केली तर ते रान राहत नाही, हा आक्षेप वजनदार आहे. कोणते बी कुठे रुजावे हे मग माणूस ठरवतो. पण या आक्षेपामागे वन आजवर अस्पर्श होते असे गृहीत धरलेले आहे, आणि ते खरे नाही. आग लावणे हे जसे कर्म, तसेच शतकभर ती विझवत राहणे हेही. गीतेच्या चौथ्या अध्यायातला कर्म-अकर्माचा विचार इथे लागू पडतो: वरवर निष्क्रिय दिसणारा माणूसही कर्तृत्वातून सुटत नाही. ज्याच्या हातून हानी झाली त्याने पावित्र्याचे कारण सांगून दुरुस्ती टाळणे न्याय्य नाही.

मात्र या कर्तव्याला मर्यादा आहे. जिथे जळालेल्या वृक्षांखाली पुरेशी रोपे आपोआप उगवली आहेत, तिथे लागवडीचे कारण उरत नाही; जिथे बीजच संपले, तिथे ती रास्त ठरते. आणि लावलेल्या रोपांभोवती पुन्हा सरपण साचू दिले, तर पुढचा वणवा तीही नेईल. म्हणून लागवडीइतकीच नियमित, सौम्य आगीची जबाबदारीही पुढच्या पिढ्यांना उचलावी लागेल.