रत्न कीं रोप?

वस्तूला आपण जें नांव देतों त्यांत त्या वस्तूच्या स्वभावापेक्षां आपली तिच्याविषयींची अपेक्षाच पुष्कळदां अधिक स्पष्टपणें उमटलेली असते. ऑर्किडच्या विस्तीर्ण कुळांत जमिनीलगत सरपटत वाढणाऱ्या ज्या कांहीं लहानशा वनस्पती आहेत, त्यांच्या बाबतींत हें विशेष खरें आहे. इंग्रजींत त्यांना ‘ज्युएल ऑर्किड’ म्हणतात. आपण त्यांना रत्न-ऑर्किड म्हणूं. इतर ऑर्किडें लोक फुलांसाठीं बाळगतात, हीं मात्र पानांसाठीं बाळगलीं जातात. त्यांपैकीं सर्वांत परिचित जी ल्युडिसिया डिसकलर, ती दक्षिण चीनपासून म्यानमार, थायलंड, व्हिएतनाम, मलेशिया येथपर्यंतच्या दाट अरण्यांत, पालापाचोळा कुजून झालेल्या मातींत वाढते. तिचें पान काळपट-जांभळ्या मखमलीचें असून त्यावर तांब्याच्या तारा ओढल्यासारख्या शिरा देंठापासून टोंकापर्यंत गेलेल्या असतात. मॅकोडीस पेटोला या दुसऱ्या जातीच्या हिरव्या पानावर सोनेरी शिरांचें जाळें असतें, आणि उजेड तिरपा पडला कीं तें खरोखरच चमकतें.

सतराव्या शतकांत अंबोइना बेटावर राहून तेथील वनस्पतींचा मोठा ग्रंथ रचणाऱ्या रुंफियसनें या पानाला जें नांव दिलें तें पटोल्यावरून. गुजराथेंतला रेशमी पटोला व्यापाऱ्यांनीं त्या काळीं त्या बेटांपर्यंत नेलेला होता. श्रीलंकेंत अनेक्टोकायलस वंशांतील अशाच एका वनस्पतीला ‘वनराज’ म्हणतात. रत्न, रेशीम आणि राजा हीं तिन्ही नांवें गौरवाचीं आहेत यांत शंका नाहीं. पण आपल्या डोळ्यांना काय दिसलें तेवढेंच तीं सांगतात. हें एक जिवंत रोप आहे आणि त्याला स्वतःचें कांहीं कार्य उरकावयाचें आहे, याची दखल त्यांपैकीं एकही नांव घेत नाहीं.

तें कार्य बहुधा हिंवाळ्यांत प्रकट होतें. पूर्ण वाढलेल्या ल्युडिसियाच्या खोडाच्या शेंड्यांतून एक लवदार दांडा निघतो, वीतभर किंवा त्याहून थोडा उंच होतो, आणि त्यावर लहान लहान पांढरीं फुलें येतात. फुलाच्या मध्यभागीं पिवळा ठिपका असतो आणि त्याचा मधला भाग एका अंगाला किंचित् पिळवटलेला असतो. फुलें कांहीं आठवडे टिकतात. त्यांत कुरूप असें कांहीं नाहीं. परंतु बाजारांतल्या मोठाल्या ऑर्किडांच्या भपक्यापुढें तीं कोणाच्या डोळ्यांत भरावयाचीं नाहींत. शिवाय या फुलांची किंमत पानांना द्यावी लागते. खोडाचा शेंडा फुलांत संपत असल्यामुळें त्या खोडाची वाढ तेथेंच थांबते, पुढची सारी आशा खालच्या पेरांतून फुटणाऱ्या कोंबांवर राहते, आणि बुडाचीं कांहीं पानें पिवळीं पडून गळतात. मॅकोडीससारख्या नाजूक जाती फुलून गेल्यावर कधीं कधीं अगदींच अशक्त होतात. म्हणून अनेक जाणते बागवान असा सल्ला देतात, कीं दांडा दिसूं लागतांच तो नखानें खुडून टाकावा. म्हणजे पानांचें तेज कायम राहतें.

सकृद्दर्शनीं हा प्रश्न बागकामाचा आहे, नीतीचा नव्हे. परंतु त्याच्या पोटांत एक दुसरा प्रश्न दडलेला आहे, आणि तो सहजासहजीं टाळतां येण्यासारखा नाहीं. ज्याचें पोषण आपण करतों, त्यानें कशासाठीं जगावें हें ठरविण्याचा अधिकार त्या पोषणामुळें आपल्याला प्राप्त होतो काय?

होतो, असें म्हणणाऱ्यांचा पक्ष दुबळा नाहीं. तो नीट मांडला पाहिजे. हें रोप आपल्या घरीं जगतें तें केवळ आपल्या आस्थेवर. त्याला भर उन्हाचा स्पर्श सोसत नाहीं आणि काळोखही मानवत नाहीं. नारळाच्या सोढणाचा भुगा, झाडाच्या सालीचे तुकडे, कोळसा व पानांचें खत यांचें भुसभुशीत मिश्रण त्याला उथळ कुंडींत घालून द्यावें लागतें. तें सदा ओलसर असावें, पण पाणी सांचतां कामा नये, नाहींतर खोडच कुजतें. कोंकणांतल्या दमट हवेंत हें फारसें अवघड नाहीं. देशावरच्या चैत्र-वैशाखांत मात्र रोप काचेच्या पेटींत ठेवून हवेंतला ओलावा राखावा लागतो. इतकें करणाऱ्यानें आपल्या आवडीचें पान मागितलें तर त्यांत अन्याय तो कोणता? बरें, घरांत या फुलाला फळही नाहीं. परागसिंचन करणारा त्याचा अरण्यांतला कीटक येथें नाहीं. बीं धरलेंच तरी ऑर्किडचें बीं धुळीसारखें सूक्ष्म, त्याच्या पोटीं अन्नाचा सांठा नाहीं. बुरशीच्या साह्याखेरीज निसर्गांत तें रुजत नाहीं, हें नोएल बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञानें १८९९ मध्यें उघडकीस आणलें. पुढें ल्युइस नडसन यानें १९२२ मध्यें साखरयुक्त पोषकद्रव्यावर बुरशीवांचून बीं रुजविण्याची रीत प्रसिद्ध केली, पण ती प्रयोगशाळेंतली. उलट दोनतीन पेरांचा खोडाचा तुकडा ओल्या शेवाळावर आडवा ठेवला, तर त्याला मुळें फुटून दुसरें रोप तयार होतें. मग फुलावांचून कोणाचें काय अडतें? आणि खुडणें हें आपल्याला नवें थोडेंच आहे? तुळशीच्या मंजिऱ्या आपण खुडतों, नाशिककडचे बागाईतदार द्राक्षवेलींची छाटणी करतात, आणि त्याबद्दल कोणाचें मन त्याला खात नाहीं.

यांतील तुळशीचा दाखला सर्वांत विचार करण्याजोगा आहे. कारण खुडणें हें मुळांतच पाप आहे असें म्हणण्याची सोय तो ठेवीत नाहीं. पण मंजिऱ्या खुडतांना आपण तुळशीचेंच हित पाहत असतों. मंजिऱ्या तशाच वाळूं दिल्या तर तुळस लवकर कडक होऊन सुकते. खुडल्या तर ती डंवरते. रत्न-ऑर्किडाचें एखादें रोप नुकतेंच लावलेलें असेल, आजारी असेल, दोनतीन पानांवर कसेंबसें उभें असेल, आणि अशा स्थितींत त्यानें दांडा काढला, तर तो अवश्य खुडावा. तापांतून उठलेल्या मुलाला आई खेळावयास जाऊं देत नाहीं, त्याच जातीचें हें खुडणें आहे. पण धट्ट्याकट्ट्या, कुंडी भरून वाढलेल्या रोपाचा दांडा, केवळ पांढरें साधें फूल आपल्या मखमलीला शोभत नाहीं म्हणून आपण मोडतों, तेव्हां हाताची क्रिया तीच असली तरी कृत्य निराळें असतें. पहिल्यांत रोपाची शक्ति पाहिली जाते. दुसऱ्यांत आपली हौस.

फूल निष्फळ आहे हा मुद्दा तर मांडणाऱ्यावरच उलटतो. त्याला निष्फळ कोणी केलें? जेथें तो कीटक होता, ती बुरशी होती, तें स्थान त्या वंशाकडून आपण सोडविलें आणि त्याला खिडकींत आणून ठेवलें. ज्यानें वाट बंद केली त्यानेंच पांथस्थाला ‘तुला जावयाचें तरी कोठें आहे?’ असें विचारावें, त्यांतला हा प्रकार झाला. पोषणाच्या उपकाराचेंही तसेंच. रोप आपल्यावर अवलंबून आहे हें खरें. पण हें परावलंबन आपणच निर्माण केलेलें आहे, आणि ज्याला आपण परावलंबी केलें त्याच्याबाबत आपलें कर्तव्य वाढतें, हक्क वाढत नाहींत. पानांच्या लोभानें ऑर्किडें अरण्यांतून उपटून विकण्याचा व्यापार तर पोषणाच्या नांवाखालीं चाललेली सरळसरळ लूट आहे. वन्य जीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध घालणारा करार १९७५ मध्यें अमलांत आला, आणि ऑर्किडचें सगळें कूळ त्याच्या कक्षेंत आलें. रोपवाटिकेंत तुकड्यापासून किंवा प्रयोगशाळेंत वाढविलेलें रोप घेणें, ही हौशी माणसाची पहिली नीति होय.

याहून खोल जाऊन पाहिलें, तर पान आणि फूल यांत आपण जो विरोध कल्पितों तोच मुळीं रोपाच्या आयुष्यांत नाहीं. अरण्याच्या तळाशीं जो थोडासा उजेड झिरपतो, त्यावर हें पान वर्षभर अन्न कमावीत असतें. त्या कमाईंतून जें शिल्लक उरतें, तें रोप फुलावर खर्च करतें. म्हणजे पान ही मिळकत आणि फूल हा तिचा विनियोग. आपल्याला मिळकत आवडते आणि विनियोग खपत नाहीं. आणि या वृत्तीला आपण सौंदर्यदृष्टि म्हणतों.

येथें कोणी म्हणेल, कीं रोपाला ना मन ना मान. फूल खुडल्याचें दुःख त्याला होत असेल असें मानण्यास कांहीं आधार नाहीं, मग एवढा ऊहापोह कशासाठीं? हा आक्षेप मान्य आहे. रोपाचा दांडा मोडणें आणि माणसाची इच्छा मोडणें यांना एका तागडींत घालणें हा अविवेक होईल. परंतु माणसाच्या संवयी भेद ओळखून थांबत नाहींत. जें तक्रार करूं शकत नाहीं, त्याच्याशीं आपण कसे वागतों यांत आपली खरी संवय दिसते; आणि तीच संवय पुढें, ज्यांना तक्रार करतां येते पण प्रेमामुळें करवत नाहीं, त्यांच्याकडे वळते.

आपल्या भाषेंत मुलगा झाला कीं पुत्ररत्न झालें, मुलगी झाली कीं कन्यारत्न झालें असें म्हणतात. शब्द कौतुकाचा आहे आणि बोलणाऱ्याच्या मनांत वाईट कांहींच नसतें. पण रत्नाला स्वतःची इच्छा नसते; तें घालणाऱ्याची शोभा वाढवितें, एवढाच त्याचा धर्म. मुलीला गाणें शिकवितात, ती चांगलें गाते, पाहुणे आले कीं तिला आवर्जून गावयास सांगतात. आणि एके दिवशीं ती म्हणते, कीं मला आतां गाण्यावांचून दुसरें कांहीं करावयाचें नाहीं, तेव्हां तेंच घर गांगरतें. मुलाचे परीक्षेंतले गुण नातेवाइकांत सांगितले जातात. आणि तो जेव्हां एखाद्या आडगांवच्या शाळेंत शिकवावयास जाईन म्हणतो, तेव्हां इतक्या हुशारीचें हेंच काय फळ, असा प्रश्न निघतो. त्या गाण्यानें मोठें नांव होईलच असें नाहीं, आणि त्या शाळेंत त्याची उमेद टिकेलच असेंही नाहीं. फूल खरोखरच लहानसें, पांढरें, साधें असण्याचा संभव पुष्कळ. खालचीं चार पानें गळण्याची भीतीही खोटी नाहीं. आईबापांना ती वाटावी यांत नवल नाहीं. पण ज्या चकाकीचें आपण कौतुक केलें, ती कशासाठीं सांचत होती हा प्रश्न आपण कधीं विचारलाच नव्हता, हें अशा वेळीं उघड होतें. आणि आपल्यावरचें प्रेम आपल्या चकाकीपुरतें होतें, ही गोष्ट कोणी शब्दानें सांगितली नाहीं तरी मुलांना कळल्यावांचून राहत नाहीं.

अर्थात् यावरून सर्व कांहीं मोकळें सोडावें असा निष्कर्ष निघत नाहीं. रत्न-ऑर्किडाच्या पालनांत तरी मार्ग साधा आहे. रोप सशक्त होईपर्यंत दांडा खुडावा, आणि तें तो रोपाच्या बळासाठीं खुडीत आहों याची मनाशीं खूण ठेवून. कुंडी भरली, खोडें जाड झालीं, कीं मग एका हिंवाळ्यांत हात आवरावा. फुलें सुकल्यावर दांडा कापून टाकावा, ओलावा सांभाळावा, आणि खालच्या पेरांवर नवे कोंब येतात का हें पाहावें; निरोगी ल्युडिसियाला ते बहुधा येतात. एखाद्या वेळीं रोप विरळ दिसेल, मखमल थोडी फिकी पडेल. तेवढे दिवस तें आपल्या दिवाणखान्याची शोभा होणार नाहीं. पण रत्न म्हणून आणलेलें तें रोप त्या दिवसांत आपल्या घरीं रोप म्हणून नांदत असेल.