चोखोबांचा दोष कोणता?

धम्मदीक्षा घेतलेल्या घरात एक प्रश्न हमखास निघतो. भिंतीवरची विठोबाची तसबीर उतरते, तिच्या जागी भगवान बुद्ध आणि बाबासाहेब येतात. पण आजीच्या ओठांवर चोखोबांचा अभंग येतोच. नातू म्हणतो, "आजी, हे आता बंद कर. आपण बौद्ध झालो." आजी गप्प बसते. तुम्ही कोणाच्या बाजूचे? प्रश्न घरगुती दिसतो, पण तो नीतीचा आहे. ज्याने अन्याय सोसला आणि त्या अन्यायाचे कारणही स्वतःच्याच माथी घेतले, त्याला आपण दोषी धरायचे काय?

आमच्या शिरूर अनंतपाळच्या परिसरातून आषाढीला पंढरीची वाट धरणारे आजही पुष्कळ आहेत. त्या पंढरीत महाद्वारासमोर, नामदेव पायरीजवळ चोखोबांची समाधी आहे. चोखोबा मंगळवेढ्याचे महार. गावाचे कूस बांधण्याच्या वेठीवर असताना ते कूस कोसळले आणि त्याखाली इतर मजुरांसह ते गाडले गेले. हे साल १३३८ चे सांगतात. ज्या गावकुसाच्या आत त्यांना घर बांधायला जागा नव्हती, तेच कूस उभारताना त्यांचा जीव गेला! समाधी देवळाच्या दाराबाहेर झाली. त्यांच्या जातीच्या माणसाला ते दार पुढे सहाशे वर्षे बंदच होते. साने गुरुजींनी मे १९४७ मध्ये उपोषण केले, तेव्हा कोठे ते उघडले.

आता त्यांच्या अभंगांकडे पाहा. देवळात येऊ न देणाऱ्या, मारहाण करणाऱ्या बडव्यांची तक्रार ते देवाकडे करतात. सोवळे-ओवळे मानणाऱ्यांना, शुद्ध कोण आणि अशुद्ध कोण, असा जाबही विचारतात. परंतु एका अभंगात ते म्हणतात की पूर्वजन्मी आपल्याकडून कृष्णाची निंदा घडली, म्हणून हा महाराचा जन्म आला. मार खाणारा माणूस मारणाऱ्याचे कारण स्वतःच्या मागच्या जन्मात शोधतो आहे. यापेक्षा मोठी गुलामगिरी कोणती? हातापायांतील बेडी डोळ्यांना दिसते. ही बेडी मनात घातलेली आहे, आणि ती घालणारा कोठेच दिसत नाही.

पण त्याच घरातले दुसरे आवाजही ऐका. सोयराबाई, चोखोबांच्या पत्नी, विचारतात की विटाळातूनच प्रत्येक देह जन्माला येतो, तर विटाळाविना असलेला देह दाखवा. त्यांचा मुलगा कर्ममेळा तर देवालाच धारेवर धरतो. आम्हाला हीन जातीत घातलेस, उष्ट्यावर जगवलेस, मग जन्म दिलासच कशाला, असा त्याचा सवाल आहे. बाप दोष स्वतःकडे घेतो, मुलगा तो देवाकडे ढकलतो. एका पिढीत एवढा फरक पडला. मात्र मुलालाही प्रश्न विचारायला देवाखेरीज कोणी सापडला नाही. हा नियम माणसांनी केला आहे आणि माणसेच तो मोडू शकतात, हे सांगणारा त्या काळी त्याला भेटला नाही.

कोणी म्हणेल, तो काळच तसा होता. त्याच शतकातल्या इंग्लंडकडे पाहू. तेथेही समाजाचे तीन वर्ग मानले जात. प्रार्थना करणारे, लढणारे आणि राबणारे. ही वाटणी देवानेच केली, असे धर्मगुरू सांगत. विल्यम लँगलंड या कवीने 'पियर्स प्लाउमन' हे दीर्घकाव्य लिहिले. त्यात सत्याचा रस्ता दाखवणारा माणूस कोण? ना राजा, ना धर्मगुरू, तर एक नांगरधारी शेतकरी! चॉसर या दुसऱ्या कवीने पापमुक्तीचे कागद विकून पैसा करणाऱ्या धर्माच्या दलालाचे ढोंग उघडे पाडले, आणि गरीब पाद्री व त्याचा नांगऱ्या भाऊ यांना सज्जन म्हणून उभे केले. १३४८ च्या प्लेगनंतर मजूर कमी पडले. ते जास्त मजुरी मागू लागले, तेव्हा सरकारने कायदा करून मजुरी बांधून टाकली. वर डोईपट्टी बसवली. १३८१ मध्ये शेतकऱ्यांनी बंड केले. जॉन बॉल नावाचा पाद्री त्यांच्यात होता. त्याच्या नावाने फिरलेल्या पत्रांत पियर्स नांगऱ्याचे नाव आले. लँगलंड स्वतः बंडखोर नव्हता, बंडही चिरडले गेले आणि बॉलला फाशी झाली. पण कवितेतला नांगऱ्या रस्त्यावर उतरला, ही गोष्ट घडली.

मग आमच्याकडे का घडली नाही? इंग्रज नांगऱ्या श्रेष्ठ आणि चोखोबा कनिष्ठ होते म्हणून? मुळीच नाही. तो नांगऱ्या गरीब होता, पण चर्चच्या दारात त्याला कोणी अडवत नव्हते. त्याच्या धर्मात पुनर्जन्म नव्हता, त्यामुळे त्याचे दारिद्र्य हे त्याच्याच मागच्या जन्मीच्या पापाचे फळ आहे, असे त्याला सांगता येत नव्हते. त्याला देवाची आज्ञा सांगत, आणि आज्ञेविरुद्ध बंड करता येते. चोखोबांना त्यांचाच अपराध सांगितला गेला. स्वतःच्या अपराधाविरुद्ध बंड कोण करील?

म्हणून चोखोबांना दोष देऊ नका. त्यांचा अभंग ही त्या तुरुंगातून आलेली साक्ष आहे. भिंती किती जाड होत्या, हे त्यातून कळते. बाबासाहेबांनीही ही दोन्ही टोके सांभाळली. संतांनी जातीविरुद्ध लढा दिला नाही, देवापुढची समता सांगितली पण माणसामाणसातली नाही, ही टीका त्यांनी गांधीजींना दिलेल्या उत्तरात स्पष्टपणे केली. तरीही १९४८ साली 'द अनटचेबल्स' हा ग्रंथ त्यांनी नंदनार, रविदास आणि चोखामेळा यांच्या स्मृतीस अर्पण केला. विचार नाकारायचा आणि माणसाचा मान राखायचा, हे त्यांनी करून दाखवले.

परंतु बंधुभगिनींनो, चोखोबांची चूक सहाशे वर्षांनी आपण करत असू, तर मात्र आपण दोषी ठरू. त्यांना दुसरा मार्ग ठाऊक नव्हता, आपल्याला तो दाखवला गेला आहे. मी शाळामास्तर आहे. हुशार मुलगी सातवीतून काढून ऊसतोडीला नेताना, "तिच्या नशिबात शाळा नाही," असे सांगणारे पालक मला भेटतात. त्यांच्या घरात बुद्धाची मूर्ती असते. मूल आजारी पडले की, "मागच्या जन्मीचे भोग," हे शब्द आपल्याही तोंडून निघतात. तसबीर बदलली, पण पूर्वजन्मीचा दोष घरातून गेला नाही. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी याच समजुतीवर घाव घातला. गरिबाचे दैन्य त्याच्या पूर्वकर्मावर ढकलले की समाजाची आणि राज्याची जबाबदारी संपते, हा त्यातला डाव त्यांनी दाखवून दिला.

जुन्या कवितेत आणखी एक साक्ष आहे. थेरगाथेतील सुनीत हीन मानलेल्या कुळात जन्मला. वाळलेली फुले झाडून टाकणे हे त्याचे काम. लोक त्याला तुच्छ लेखीत. भगवान बुद्धांनी त्याला भिक्खू होण्यास बोलावले आणि तो संघात दाखल झाला. मागच्या जन्मी काय केलेस, असे त्याला विचारले गेले नाही.

तेव्हा आजीला गप्प करू नका. तिच्याजवळ बसा, अभंगाचा अर्थ तिला विचारा आणि सुनीताची गोष्ट तिला सांगा. विठोबापुढे हात जोडायचे नाहीत, ही आपली प्रतिज्ञा आहे. आपल्या माणसांचे रडणे विसरायचे, अशी प्रतिज्ञा आपण घेतलेली नाही. आणि जूनमध्ये शाळा उघडेल तेव्हा मुलीचे नाव पटावर राहील, एवढे मात्र बघा. मजुरी, पैसा, वसतिगृह यांची अडचण असेल तर ती अडचण म्हणून बोला. अडचणीवर चार माणसे मिळून उपाय काढता येतो. तिला नशीब म्हटले की तो रस्ताही बंद होतो.