खुडूक

हुडकोतल्या घरामागे चार कोंबड्या पाळल्या, की ताज्या अंड्यांबरोबर एक प्रश्नही अंगणात येतो. अंडी देणं थांबवून खुराड्यात बसून राहिलेल्या कोंबडीला आपण मराठीत ‘खुडूक’ म्हणतो. इथे भिलाईत शेजारी ‘कुड़क’ म्हणतात. दोन्ही शब्दांत आपलाच हिशेब आहे: अंडं बंद, म्हणजे काम बंद. खरं तर तिचं काम तेव्हाच सुरू झालेलं असतं. 21 दिवस ती दाणापाण्यापुरतीच उठते, बाकी वेळ अंडी उबवते. व्हाइट लेगहॉर्न जातीतून माणसाने निवड करत करत हे बसणंच जवळजवळ काढून टाकलं. दुकानातल्या ट्रेमधली पांढरी अंडी बहुतेक त्याच वंशातली.

पहिल्या दोनेक वर्षांनंतर अंडी कमी होत जातात. कोंबडी मात्र पुढे चार-पाच वर्षं सहज जगू शकते. मोठ्या पोल्ट्रीत या उरलेल्या वर्षांचा निकाल आपल्या नजरेआड लागतो. अंगणात तो आपल्यालाच लावावा लागतो: सुरी, की रोजचे मूठभर दाणे? दोन्ही उत्तरं मला समजतात. समजत नाही ते एवढंच, की ट्रे विकत घेतला म्हणून हा प्रश्न आपल्याला विचारलाच गेला नाही, असं आपण कसं मानतो?