दैव म्हणजे नशीब? (गीता १८.१४)



आजचा श्लोक अठराव्या अध्यायातला चौदावा. कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात, असं भगवंत सांगतात: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, निरनिराळ्या चेष्टा म्हणजे हालचाली, आणि पाचवं दैव. दोन श्लोक पुढे ते असंही म्हणतात, की ज्याला यात फक्त स्वतःच कर्ता दिसतो त्याची बुद्धी अजून कच्ची आहे.

गेल्या महिन्यात मित्राने पुण्यात चेलो आणि पियानोच्या एका छोट्या मैफलीला ओढत नेलं. वाजवणारी दोघं जेमतेम विशीची. चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ समजा. बसून, गुडघ्यांमध्ये धरून वाजवतात. त्यांनी बीथोवनचा तिसरा चेलो सोनाटा घेतला होता, १८०८ मधला. तोवर बीथोवनला ऐकायला कमी येऊ लागून बरीच वर्षं झाली होती. सुरुवातीला चेलो एकटाच बोलतो, मग पियानो उत्तर देतो. कोण मुख्य आणि कोण साथीला, हे शेवटपर्यंत ठरवता येत नाही.

मी आपला कारणं मोजत बसलो. (इंजिनिअरची खोड!) चेलोची खालची दांडी जमिनीवर टेकलेली, तेव्हा जमीन आली. गज घोड्याच्या केसांचा, त्याला राळ घासलेली. चेलोवाला आपलं वाद्य पाठीवर घेऊन आला होता. पियानोवालीला मात्र हॉलमध्ये जो पियानो असेल तोच. तो आदल्या दिवशी कुणीतरी सुरात लावलेला. तिच्या शेजारी एक मुलगी नोटेशनची पानं उलटत होती. एक पान चुकलं असतं तर सगळंच थांबलं असतं. टाळ्यांच्या वेळी ती मागे सरकून उभी राहिली.

इथपर्यंत श्लोक छान बसतो. अडचण पाचव्या कारणाशी येते.

त्या मैफलीचा एक तुकडा मी पहूरला ताईकडे पाठवला होता. भाचा दहा वर्षांचा. त्याने लगेच व्हॉइस मेसेज केला, "मामा, हे मला शिकता येईल का?" मागून घरातल्या कुणाचा तरी आवाज, "नशिबात लागतं रे बाबा ते." बोलणाऱ्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मला तो शब्द दिवसभर टोचत राहिला. गीतेनेच दैव मोजलंय, मग हे उत्तर बरोबर म्हणायचं का?

शंकराचार्यांचं भाष्य उघडलं. तिथे या श्लोकातलं दैव म्हणजे नशीब नाहीच! इंद्रियांवर अनुग्रह करणाऱ्या देवता, जसा डोळ्याला सूर्य, असा अर्थ ते घेतात. ज्ञानेश्वरीतही दैव म्हणजे इंद्रियांच्या देवताच. म्हणजे दैव हे दार बंद करणारं नसून मदत करणारं कारण आहे. डोळा माझा असला तरी उजेड बाहेरून यावा लागतो.

तो उजेड माणसांच्या हातूनही येतो, असं मला वाटतं. हा अर्थ भाष्यातला नाही, माझा आहे. गोव्यात चर्चच्या शाळांमधून गावातली पोरं स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकायची. त्याच गोव्यातल्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस मुंबईत आले आणि त्यांच्याकडे प्यारेलाल शिकले. आजही पणजीत डॉ. लुईस डायस यांनी २००९ मध्ये सुरू केलेली चाइल्डस् प्ले इंडिया फाउंडेशन परिस्थिती नसलेल्या मुलांना व्हायोलिन, चेलो शिकवते. त्या मुलांच्या नशिबात चेलो होता की नव्हता, हे कुणी आधी कसं सांगणार?

आणि आपल्याकडे काय वेगळं आहे? भाचा सप्ताहात पखवाज वाजवतो. तो पखवाज मंदिराचा आहे, वर्गणीतून आलेला. शिकवणारे आजोबा एक पैसा घेत नाहीत. पखवाजाच्या बाबतीत नशिबाचं नाव कुणीच काढलं नाही, कारण तो समोर होता आणि हात धरून बसवणारं माणूसही होतं.

चेलोचं तसं सोपं नाही, हे मान्य. पहूरला शिकवणारं कुणी मला माहीत नाही. लहान मुलांसाठी पाव आणि अर्ध्या मापाचे चेलो असतात, आणि मूल वाढलं की वाद्य बदलावं लागतं. पुण्यात भाड्याने मिळेल का, ऑनलाइन शिकवणारं कुणी आहे का, ते विचारतोय. तुमच्यापैकी कुणाला ठाऊक असेल तर जरूर कळवा. भाच्याच्या उंचीचं माप ताईने कालच पाठवलंय.